31 मे नावाचं भाकीत

मुंबईत पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईची मुदत 31 मे असते. 2025 मध्ये मान्सून 26 मे लाच शहरात दाखल झाला आणि हवामान विभागाच्या नोंदींत ते सर्वात लवकरचं आगमन ठरलं. त्याच दिवशी वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. भुयारी मेट्रोचा तो टप्पा सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. पुढे चर्चा झाली ती गाळ किती निघाला, कंत्राट कुणाचं होतं, स्थानकाची पाणी अडवणारी भिंत का टिकली नाही, याची. हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण मुळात 31 मे ही तारीख आली कुठून? मान्सून मुंबईत साधारण 11 जूनला येतो, त्याआधी दहा दिवस हाताशी असावेत, असा तो हिशेब आहे. आपण जिला मुदत म्हणतो ते खरं तर भाकीत आहे. ते कंत्राटात, देयकांत, यंत्रांच्या भाड्यात इतकं मुरलंय की आता ते भाकीत म्हणून कुणाला दिसतच नाही.

शहराचे बहुतेक मोठे निर्णय अशाच एकेका न बोललेल्या भाकितावर उभे आहेत. मोनोरेल प्रवासीसंख्येच्या एका अंदाजावर बांधली गेली; प्रत्यक्षातले प्रवासी त्याच्या कितीतरी खाली राहिले. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई आखली गेली, तेव्हा राज्य सरकारची कार्यालयं खाडीपलीकडे जातील आणि नोकऱ्या त्यांच्यामागे जातील, असं धरलेलं होतं. घाऊक बाजार वाशीला गेले, कांदा-बटाटा गेला, मसाला गेला. मंत्रालय जिथे होतं तिथेच राहिलं, आणि 1981 मध्ये नवं विधानभवनसुद्धा नरिमन पॉइंटलाच उभं राहिलं. वाशीला लोकल पोचायला 1992 उजाडलं. सरकार स्वतःच आलं नाही तर काय, ही एक शक्यता तेव्हा कागदावर मांडली असती, तर रेल्वे आधी की घरं आधी, याचा निदान वाद तरी वेळेवर झाला असता.

ज्या बांधकामाचं आयुष्य तीस वर्षांहून अधिक आहे आणि जे एकदा झालं की मोडता येत नाही, अशा प्रत्येक कामाच्या प्रस्तावात एकाऐवजी तीन-चार भविष्यं मांडणं बंधनकारक करायला हवं. कोणती खूण दिसली की कोणता निर्णय कुणी घ्यायचा, हेही त्याच प्रस्तावात लिहिलेलं हवं. जगात याला सिनारिओ प्लॅनिंग म्हणतात. आपण भविष्यचित्रं म्हणू. खुणा आणि जबाबदारी हा भाग गळला, तर उरलेल्या चित्रांचा प्रशासनाला काही उपयोग नाही.

ही पद्धत भाकीत अचूक करण्यासाठी नाही, हे आधी स्पष्ट व्हावं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शेल या तेल कंपनीत पिएर वॅक यांनी ती रुजवली. तेल स्वस्तच राहणार, या समजुतीवर सगळा उद्योग चालला होता. वॅक यांच्या गटाने तेल उत्पादक देशांच्या जागी बसून विचार केला: खर्चाच्या गरजेपेक्षा पैसा जास्त येत असेल, तर जमिनीखालचं तेल घाईने का विकावं? 1973 च्या ऑक्टोबरमध्ये युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत किमती जवळपास चौपट झाल्या. शेलमधल्या लोकांनी तोवर त्या शक्यतेवर बराच विचार केलेला होता. आपली पद्धत समजावताना वॅक गंगेचं उदाहरण देत. गंगेच्या वरच्या खोऱ्यात दोन दिवस धो धो पाऊस झाला, की ऋषिकेशला, मग अलाहाबादला, मग काशीला पाणी चढणार. यात ज्योतिष काही नाही. पाणी निघालेलं आहे, फक्त पोचायचं आहे. अशा ठरून गेलेल्या गोष्टी आधी बाजूला काढायच्या आणि उरलेल्या खऱ्या अनिश्चिततेवरच चित्रं रंगवायची. मुंबईपुरतं बोलायचं तर समुद्राची पातळी वाढणं, जुन्या इमारतींचा पुनर्विकास होणं, शहराचं सरासरी वय वाढणं हे निघालेलं पाणी आहे. पाऊस किती तासांत कोसळेल हे मात्र ठरलेलं नाही.

एका आकड्याचा धोका पावसाइतका दुसऱ्या कशात स्वच्छ दिसत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला. चोवीसने भागलं तर तासाला 39 मिमी. ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या प्रकल्पात पर्जन्य जलवाहिन्यांची क्षमता तासाला 50 मिमीपर्यंत वाढवायचं ठरलेलं होतं. म्हणजे नुसती सरासरी पाहता, ती क्षमता तयार असती तर त्या दिवसाला पुरून उरली असती. प्रत्यक्षात बहुतांश पाऊस दुपारनंतरच्या काही तासांत आला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे 74 मिमीच पडला. सरासरीने दिवसातले तास सपाट केले आणि शहराचा भूगोलही सपाट केला.

50 मिमी हा आकडाही एकटा फार काही सांगत नाही. जुन्या वाहिन्या तासाला 25 मिमी पाऊस धरून, आणि त्यातला निम्माच वाहिनीपर्यंत येईल असं मानून बांधलेल्या होत्या. एका हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. त्या हिशेबाने वाहिनीला हेक्टरी तासाला 125 घनमीटर पाणी न्यायचं होतं. नव्या हिशेबात पाऊस 50 मिमी आणि मुरणारं पाणी शून्य धरलं, म्हणजे हेक्टरी 500 घनमीटर. पाऊस दुप्पट धरला तरी पाणी चौपट झालं, कारण मधल्या काळात जमीन बंद झाली. आता जमीन पूर्ण बंद धरलेलीच आहे, तेव्हा यापुढचा प्रश्न पाणी मुरण्याचा कमी आणि थांबण्याचा जास्त आहे. तासभर थांबायला त्याला जागा मिळणार का?

कामाला सुरुवात प्रश्नापासून होते, आणि तिथेच बहुतेक प्रयत्न फसतात. ‘2050 ची मुंबई कशी असेल’ या प्रश्नातून सुंदर पुस्तिका निघते, निर्णय निघत नाही. खाडीलगतच्या शंभर हेक्टरांच्या एखाद्या सखल भागापुरता प्रश्न असा हवा: इथे पुढच्या दहा वर्षांत उदंचन केंद्र (पंपांनी पाणी उपसून बाहेर फेकणारं केंद्र) बांधायचं, जमिनीखाली साठवण टाक्या करायच्या, की दोन्हींसाठी आत्ता फक्त जागा धरून ठेवायची?

मग पंधरा-वीस जणांना बसवायचं. कोण बसतं, यावर निम्मं काम ठरतं. खातेप्रमुख आणि सल्लागार नेहमीच असतात. पण उदंचन केंद्रात रात्रपाळीला पंप चालवणारा, विभाग कार्यालयातला परिरक्षणाचा अभियंता, इमारत प्रस्ताव खात्यातलं कुणी, रेल्वेचा अभियंता, आणि खाडी कुठे भरली, भरतीचं पाणी कुठून उलट फिरतं हे रोज पाहणारे कोळीवाड्यातले लोक नसतील, तर चित्रं पोकळ निघतात. तळमजल्यावर राहणारी एखादी बाईही हवी. पाणी घरात किती वाजता शिरलं आणि किती वाजता ओसरलं हे तिला ठाऊक असतं, ते कुठल्या अहवालात नसतं. दोन दिवस सलग बसायचं, मग महिनाभर आकडे गोळा करायचे, मग पुन्हा एक दिवस.

पहिल्या दोन दिवसांत दोन अक्ष ठरतात, म्हणजे ज्यांच्या उलटसुलट जोड्यांतून चार चित्रं निघतात अशा दोन अनिश्चित गोष्टी. यात दोन चुका हमखास होतात. आपल्याच हातातला निर्णय अक्षावर ठेवला जातो, उदाहरणार्थ ‘गाळ नीट काढला / नाही काढला’. तो पर्याय आहे, भविष्य नव्हे. दुसरी चूक म्हणजे एकमेकांबरोबर हलणाऱ्या गोष्टी दोन वेगळे अक्ष मानणं. अर्थव्यवस्थेची वाढ आणि बांधकामाचा वेग हे असं जोडपं आहे. त्यातून चारऐवजी दोनच चित्रं निघतात. आपल्या उदाहरणात एक अक्ष पावसाचा: तो दिवसभर पसरून पडतो की तासाभरात कोसळतो. दुसरा पुनर्विकासाचा: त्यातून पाण्याला थांबायला जागा उरते, की नव्या इमारतींची जोती उंच होतात, तळघरं खोदली जातात आणि पाणी शेजारच्या जुन्या चाळीकडे वळतं. हा दुसरा अक्ष पर्जन्य जलवाहिनी खात्याच्या हातात नाही, म्हणूनच तो अक्ष होऊ शकतो.

चारही चित्रांना नावं द्यावीत, कारण सभेत माणसं नावानेच बोलतात. पसरलेला पाऊस आणि मोकळी जागा: ‘नेहमीचा आषाढ’. पसरलेला पाऊस आणि दाटी: ‘दाटीचा आषाढ’. इथे मोठं संकट कधी येत नाही, बातमी होत नाही, पण तळमजल्यावर वर्षातून आठ-दहा वेळा टीचभर पाणी येतं आणि माणसं हळूहळू जागा सोडतात. कोसळणारा पाऊस आणि जागा: ‘तासाचा तडाखा’. कोसळणारा पाऊस, दाटी आणि वर समुद्राला उधाण: ‘भरतीशी गाठ’. प्रत्येक चित्र एक पानाचं, तारखेसह, आणि 2045 मधल्या एका दिवसापासून मागे येत लिहिलेलं असावं: असं व्हायला 2040 मध्ये, 2035 मध्ये काय काय घडलेलं असायला हवं?

आता आकडे घाला. शंभर हेक्टरांवर तासात 60 मिमी पाऊस पडला तर 60,000 घनमीटर पाणी झालं. वाहिन्या पूर्ण क्षमतेने 50,000 नेतील, उरलेलं 10,000 म्हणजे एक कोटी लिटर. हिंदमाता या सखल भागात साचणाऱ्या पाण्यासाठी दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या केल्या, तशी एक कोटी लिटरची टाकी इथे केली तर ती तासभर पुरते. तासात 100 मिमी पडला तर वाहून न जाणारं पाणी 50,000 घनमीटर. तीच टाकी 12 मिनिटांत भरते. आणि साडेचार मीटरची भरती असेल, पातमुखाचे, म्हणजे वाहिनी समुद्राला मिळते तिथले, दरवाजे बंद असतील आणि पंप नसतील, तर वाहिन्यांचा निचरा जवळजवळ शून्य. मग 60 मिमीलाही टाकी 10 मिनिटांत तुडुंब. एकच टाकी, एकाच खर्चाची, एका चित्रात पुरेशी आणि दोन चित्रांत निरुपयोगी.

पंपांचंही असंच. आपल्या मोठ्या उदंचन केंद्रांतला एकेक पंप सेकंदाला 6 घनमीटर, म्हणजे तासाला 21,600 घनमीटर पाणी फेकतो. 50 मिमीच्या हिशेबाला शंभर हेक्टरांसाठी तीन पंप लागतात, 100 मिमीला पाच. याचं उत्तर पाच पंप घेणं हे नाही. ‘नेहमीच्या आषाढा’त त्यातले दोन गंजत पडतील. बांधकाम पाच पंपांचं करावं, पंप तीन बसवावेत, आणि चौथा कधी घ्यायचा ते आधी लिहून ठेवावं. काँक्रीटचे दोन रिकामे कप्पे पंपांच्या मानाने स्वस्त असतात, आणि चालू केंद्रात ते नंतर जोडणं अतिशय महाग पडतं. अर्थात पंपापर्यंत पाणी आणणारा नाला अरुंदच राहिला तर पाचवा पंप कोरडाच फिरेल.

चित्रं तपासताना अनेकदा भलतीच गोष्ट हाती लागते, आणि पद्धतीचा खरा लाभ मला त्यातच दिसतो. उदंचन केंद्र, लोकल, मेट्रो, विजेवरच्या बसगाड्या हे सगळं वेगवेगळ्या संस्थांच्या वेगवेगळ्या योजनांत आहे आणि सगळं एकाच विजेवर आहे. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. राज्याच्या जाळ्यापासून मुंबईला वेगळं काढून वाचवण्याची जी व्यवस्था आहे, ती त्या दिवशी शहराला वाचवू शकली नाही. ऑक्टोबरऐवजी जुलै असता, आणि दुपारी उधाणाची भरती असती तर? ‘भरतीशी गाठ’ या चित्रात हा प्रश्न आपोआप येतो. त्यातून निघणारी कामं साधी असतात: पंपांचे विजेचे पॅनेल पुराच्या पातळीच्या वर, डिझेल जनित्रांना किमान बारा तासांचं इंधन, आणि ते इंधन रस्ता पाण्याखाली असताना कुठल्या वाटेने आणायचं त्याचा नकाशा. ही कामं चारही चित्रांत उपयोगी पडतात, म्हणून ती आधी करावीत.

बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचा प्रश्नही याच जातीचा आहे. दीर्घ मुदतीचा करार करताना कंत्राटदार शेवटपर्यंत टिकेल हे एकच भविष्य धरलेलं होतं. काही कंत्राटदार मधूनच बाहेर पडले आणि थांब्यांवरच्या रांगा लांबल्या. ‘कंत्राटदार गेला, गाड्या त्याच्या, आगारातलं चार्जिंग त्याचं’ हे चित्र करारापूर्वी रंगवलं असतं, तर चार्जिंगची मालकी बेस्टकडे ठेवण्याचं कलम कुणीतरी मागितलं असतं.

आता खुणा. लंडनला टेम्स नदीच्या मुखाशी पूर रोखण्यासाठी 2012 मध्ये जी योजना मंजूर झाली, तिच्यात कामं तारखेने बांधलेली नाहीत. समुद्र अमुक इतका चढला की अमुक निर्णय, असा क्रम लावलेला आहे आणि ठरावीक वर्षांनी मोजमाप करून फेरआढावा होतो. 2023 च्या आढाव्यात टेम्स बॅरियरच्या वरच्या बाजूचे तट उंच करण्याची मुदत पंधरा वर्षं अलीकडे, 2050 वर आणली गेली. योजना चुकली असं त्यावर कुणी म्हटलं नाही, कारण मुदत हलवणं हाच योजनेचा भाग होता.

आपल्याकडे अशा खुणा सहज मोजता येतील. विभागातल्या कुठल्याही पर्जन्यमापकावर वर्षात किती वेळा तासाला 50 मिमीची मर्यादा ओलांडली. सगळे पंप एकाच वेळी किती तास चालले, आणि त्यातले किती तास भरतीचे होते. ठरावीक पाच ठिकाणी पाणी ओसरायला किती मिनिटं लागली. किती नव्या तळघरांना परवानगी मिळाली. दर वर्षी ऑक्टोबरअखेर मुख्य अभियंत्याने या चार आकड्यांवर सही करून ते स्थायी समितीपुढे ठेवावेत. सलग तीनपैकी दोन वर्षं या आकड्यांनी आधी ठरवलेली मर्यादा ओलांडली, तर चौथ्या पंपाची निविदा त्याच आर्थिक वर्षात निघावी. मर्यादा कुठे ठेवायची ते कामाला लागणाऱ्या वेळावरून ठरतं. पंप घेऊन बसवायला दोन वर्षं लागत असतील, तर खूण पूर येण्याच्या दोन वर्षं आधी दिसली पाहिजे. नव्या केंद्राचं गणित फारच वेगळं. ब्रिमस्टोवॅडमधल्या आठ केंद्रांपैकी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा उभी राहिली. मोगरा आणि माहुल जागेच्या प्रश्नात वर्षानुवर्षं अडकली. वाटेत कांदळवन असेल तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. ज्या कामाला पंधरा वर्षं लागू शकतात त्याची खूण पावसात शोधून चालणार नाही. त्याची जागा आजच धरावी लागते.

या पद्धतीवरचा नेहमीचा आक्षेप खरा आहे: निविदेला एकच आकडा लागतो, लेखापरीक्षकालाही. तो आकडा राहू द्यावा. 50 मिमी ही बांधकामाच्या रचनेची मर्यादा असू शकते. प्रस्तावात फक्त इतकंच जोडायचं की हा आकडा कुठल्या चित्रात तुटतो आणि तुटला तर कुठलं दार उघडं ठेवलं आहे. रिकाम्या कप्प्याचा खर्च असा लिहिलेला असला, की तो उधळपट्टी म्हणून लेखापरीक्षणात अडकत नाही. दुसरीकडे ‘उच्च, मध्यम, निम्न’ अशा तीन रेषा काढून त्यांना भविष्यचित्रं म्हणण्याची सवय मोडायला हवी. तीन रेषा ठेवल्या की प्रत्येक जण मधली उचलतो, आणि आपण पुन्हा एका भाकितावर येऊन पोचतो. म्हणून चित्रं शक्यतो चार असावीत आणि त्यांना टक्केवारी देऊ नये.

लोकांना यात घ्यायचं की नाही, यावर अधिकाऱ्यांत संकोच असतो. दक्षिण आफ्रिकेत 1991-92 मध्ये, वर्णभेदाची राजवट संपत असताना, माँ फ्लर येथे एकमेकांचे कडवे विरोधक एकत्र बसले आणि त्यांनी देशाची चार चित्रं काढली: शहामृग, लंगडं बदक, इकारस आणि फ्लेमिंगोंचं उड्डाण. इकारस म्हणजे लोकांना हवं ते सगळं झटपट द्यायला निघालेलं आणि कोसळलेलं सरकार. ही नावं वर्तमानपत्रांतून लोकांपर्यंत गेली. मुंबईतला पुराचा वाद त्याहून सोपा आहे. ‘दाटीचा आषाढ’ हे नाव एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत पोचलं, तर पुनर्विकासात तळघर घ्यायचं की अंगणाखाली टाकी, यावर तिथे बोलणं होईल.

घाई करण्याचं कारण विकास आराखड्यात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 127 नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या ठरावीक मुदतीत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. मुंबईचा 2034 चा आराखडा 2018 मध्ये अमलात आला. ती दहा वर्षं 2028 मध्ये भरतात. सगळ्या आरक्षणांसाठी पैसे पुरणार नाहीत हे उघड आहे. उद्यानं, मैदानं आणि नाल्याकाठच्या मोकळ्या जागा यांतल्या कुठल्या चारही चित्रांत लागतात, कुठल्या फक्त ‘भरतीशी गाठ’मध्ये, अशी विभागवार यादी नोटिसा येण्याआधी तयार हवी. पहिल्या विभागासाठी वीस माणसं, तीन दिवस आणि पर्जन्यमापकांच्या तासवार नोंदी लागतील. 2005 नंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, त्यामुळे त्या नोंदी तिच्याकडे आहेत.